डी सेव्हनवरचा उंट

दुपारी दोन ते पाच वीज जायची.
कन्ना चौकामागच्या शेडमधले चोवीस माग
एकदम गप्प व्हायचे, कानाला ते टोचायचं,
आणि मल्लेशम जॉबर ग्रीसचे हात लुंगीला पुसत
चादरींच्या खोक्यावर पट मांडायचा.
एक पांढरा हत्ती हरवलेला.
त्याच्या जागी सुताची रिकामी कांडी उभी.

मी काळी घ्यायची. नेहमीच.
"पांढऱ्याला पहिली चाल फुकट मिळती," तो म्हणायचा,
"काळ्यानं कमवायची."

त्याचं प्यादं दोन घरं, माझं एकच : ई सिक्स.
तो डी फोर, मी डी फाइव्ह,
मग तो रेटायचा पुढं, ई फाइव्ह,
की झालं दार बंद.
मधोमध दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या.
आणि माझा सी एटचा उंट
माझ्याच प्याद्यांच्या पाठी बघत बसलेला,
लग्नात कुणी जेवा न म्हटलेल्या पाहुण्यासारखा.

"हा काय कामाचा?" मी विचारलं.
मल्लेशम तेलुगूत काहीतरी पुटपुटला,
बहुतेक माझ्या शाळेबद्दल.
मग म्हणाला, "भिंतीच्या टोकाला डोकं कशाला आपटायलीस?
ती कशावर उभी हाय, ते बघ."

ई फाइव्ह उभं डी फोरवर.
डी फोर उभं सी थ्रीवर.
चादर उसवायची तर मधून फाडत नाहीत,
काठाचा धागा शोधतात.
म्हणून सी फाइव्ह.
म्हणून घोडा सी सिक्सला, वजीर तिरका बी सिक्सला,
सगळ्यांची नजर एकाच घरावर,
डी फोरवर,
महिनाअखेरीला सावकाराची असते तशी.

त्यानं उंट काढला डी थ्रीला.
प्यादी मारामारी झाली, आणि डी फोर उघडं पडलं.
मी घोड्यानं खाल्लं. त्यानं घोड्यानं घोडा.
मी वजिरानं तोही.
हावरटासारखी हसलेसुद्धा.
त्यानं कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणीत बुडवला,
चावता चावता उंट सरकवला बी फाइव्हला :
शह.
आणि उंट हलल्यावर मागं दिसला
त्याचा वजीर, माझ्या वजिराकडं टक लावून बसलेला.

अशी मी तीनदा हरले.
तिन्ही वेळा तीच भाकरी, तोच आवाज.

चौथ्या दिवशी प्यादी मारली आणि हात मागं घेतला.
डी फोर समोर, पिकलेल्या सीताफळासारखं.
खाल्लं नाही.
त्या पाहुण्याला म्हटलं, ऊठ बाबा,
एक घर पुढं ये. डी सेव्हन.
एकच घर.
पण आता बी फाइव्हवरून शह नाही, नुसता उंट येईल,
आणि माझा राजा त्याच्या पाठीशी निवांत.
आता खाते म्हटलं तर खरंच खाता येतं.

मल्लेशमनं भाकरी खाली ठेवली.
बराच वेळ पत्र्याखाली फक्त उन्हाचा आवाज होता.
मग त्यानं किल्ला बांधला, आणि म्हणाला,
"घे."

"घेऊ?"
"घे की. देतोय."

घेतलं. घोडे कापले गेले,
वजीर मधोमध, एका प्याद्यानं श्रीमंत.
त्याचा दुसरा घोडा बाहेर आला.
मी म्हटलं हेही घेऊ, ई फाइव्ह. घेतलं.
तेव्हा ती कांडी,
किल्ल्याच्या कोपऱ्यातून एक घर सरकत,
ई वनवर येऊन उभी राहिली
माझ्या वजिरासमोर.

मग मी नुसती पळत होते.
माझा दुसरा उंट, दोन्ही हत्ती,
ई एटवरचा राजा, सगळे अजून घरीच,
आणि त्याचे सगळे रस्त्यावर.
प्यादी माझ्याकडं होती, वेळ त्याच्याकडं.

पाच वाजता वीज आली, माग धडधडले,
पट हादरला, सोंगट्या आपापल्या घरांतून घसरल्या.
तो तार जोडायला उठला.

घरी आई दारात सूप मांडीवर घेऊन बसलेली,
तेंदूपानं कात्रीनं कापत.
मान वर न करता विचारलं, "आजबी हरलीस?"
म्हटलं, हो.
पण आज दुसरीकडं हरले.